बारा नंबरची पाठवणी

यॉर्कशायरच्या त्या रेल्वे शेडमध्ये सकाळपासून बारा नंबरच्या गाडीला नटवणं चाललं होतं, आणि मुख्य मिस्त्री नेविल होलरॉइडचा नुसता जळफळाट होत होता. नव्या गाद्या काय, नवा रंग काय! याच गाद्यांसाठी त्यानं वर्षानुवर्षं साहेबांच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता गाडी दुसऱ्याच्या घरी निघाली, तर म्हणे नवरीसारखी सजवा.

करारच तसा होता. रेल्वे खाजगी झाल्यापासून गाड्या चालवणारी कंपनी वेगळी आणि गाड्यांची मालक कंपनी वेगळी. भाड्याची मुदत संपली की गाडी ठाकठीक करून मालकाला परत द्यायची, मग मालक ती हव्या त्याला देणार. बारा नंबर वेल्सला चालली होती, आणि तिथला मुख्य मिस्त्री होता इद्रिस प्यू.

इद्रिस! नेविलच्याच हाताखाली पाना धरायला शिकला आणि आता याच्या दुप्पट मोठ्या शेडचा मुख्य झाला. बारा नंबरचं इंजिन दोघांनी मिळून उघडलं होतं, मिळूनच बसवलं होतं. पण नंतर त्याला जपलं कुणी? नेविलनं. हाडं गोठवणाऱ्या थंडीतही ते पहिल्या झटक्याला सुरू व्हायचं. आणि हा बेटा आयत्या बिळावर नागोबा होणार!

"गाडी न्या म्हणावं," चहाचा मग आपटत नेविल म्हणाला. "इंजिन देणार नाही."

"म्हणजे रे?" वायरिंगचं काम बघणाऱ्या डॉटनं तोंडातला पेस्टीचा घास कसाबसा गिळला.

"सतरा नंबर इथंच राहतेय ना? तिचं इंजिन हिच्यात घालायचं, हिचं तिच्यात. दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या, नियमात बसतं."

"सतराचं ते रडकं इंजिन इद्रिसच्या गळ्यात मारतोस?" डॉट हसली. "अरे, घर मालकाचं, भांडी मालकाची. तू तर भाडेकरूही नाहीस, भाडेकरूचा गडी! कशाला जीव जाळतोस?"

"गप गं. खा तुझी पेस्टी."

इंजिनं बदलली. सतराचं इंजिन चाचणीपुरतं गुमान चाललं. त्याची रड सुरू व्हायची ती हिवाळ्यात. नेविलला त्या रात्री गाढ झोप लागली.

गाडी न्यायच्या दिवशी इद्रिस आला, सोबत मालक कंपनीच्या बाई. आल्या आल्या त्यानं नेविलच्या खांद्यावर हात टाकला.

"उस्ताद, न विचारता एक केलंय. यांना म्हटलं, बारा नंबर इथंच ठेवा, आमच्या उस्तादाचा जीव आहे तिच्यात. मी सतरा नेतो. रडकी आहे, ठाऊक आहे मला. घेईन सांभाळून."

"आम्हाला काय, दोन्ही आमच्याच," बाई म्हणाल्या. "सह्यासुद्धा झाल्या."

नेविलनं जपलेलं इंजिन तर आता सतरातच होतं! अजून सांगता आलं असतं. एका शब्दानं इंजिनं पुन्हा जागच्या जागी आली असती. पण मग ती बदलली का, तेही सांगावं लागलं असतं, आणि तेही इद्रिसच्या तोंडावर. डॉट डोळ्यांनी खुणावत होती, बोल की मेल्या, बोल!

"चहा घेणार का?" नेविल म्हणाला.

चहा झाला. इद्रिस सतरा नंबरमध्ये चढला आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा नुसता फुलला होता.

"उस्ताद! रडकीला सुद्धा शहाणी करून ठेवलीत की! तुमच्यासारखं काम कुणाला जमणार?"

नेविलनं मान हलवली. गाडी शेडबाहेर पडेपर्यंत तो हात हलवत राहिला, आणि त्याचा जळफळाट पहिल्यापेक्षा जास्तच वाढला. मेल्यानं इंजिन नेलं ते नेलंच, वर मोठेपणाही स्वतःच घेऊन गेला.