चिकटपट्टीखालचा श्वास

"बाबा, तुमचा हात थरथरतो का हो?"

मैत्रिणींनी तशी पैज लावली म्हणून माझ्या मालकांच्या लेकीने विचारलं. तिच्या वर्गातल्या नव्या कपाटावर रंगाचे जाडजाड शिंतोडे उडाले होते आणि ते कपाट रंगवलं होतं तिच्याच बाबांनी. म्हणजे माझ्याच मदतीने! मित्रांनो, मी त्यांच्या दुकानातली जुनी स्प्रे गन. त्यांच्या लेकीपेक्षा तीन वर्षांनी मोठी, पण हे तिला मुळीच मान्य नाही.

मालकांनी हात खिशात घातला.

पितळेची तोटी, पोलादी सुई, डोक्यावर रंगाचा पेला आणि खालून हवेची नळी अशी मी घडले. सायकली, टेबलं, दवाखान्याच्या खाटा, काय काय रंगवलं मी! लोक दारावरून बोट फिरवून म्हणायचे, "अहो, काच बसवलीत की काय?" मालक लाजायचे. मी हुकावर लटकून सगळं ऐकायचे.

मग महिन्याभरापूर्वी मी थुंकायला लागले. भक... भक... मालकांनी काय नाही केलं? रंग पातळ केला, तर ओघळ आले. हवा वाढवली, तर रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसला. सुई पुसली, तोटी ब्रशने घासली. पेल्याचं झाकण मात्र वरवर पुसून ठेवलं. शेवटी त्यांनी दोष स्वतःच्या हाताला दिला.

"शाळेची राहिलेली तीन कपाटं परत पाठवतो," ते बायकोला म्हणाले. "माझ्याच्याने आता होत नाही. दुकान बंद करू."

मला खरं कारण माहीत होतं. एका पाळण्याचा तळ रंगवताना मला आडवंतिडवं धरावं लागलं होतं. रंग सांडू नये म्हणून मालकांनीच माझ्या झाकणावरच्या बारीक भोकावर चिकटपट्टी लावली. तिच्यावर रंग चढला, ती झाकणासारखीच दिसू लागली आणि सगळे तिला विसरले. माझा श्वास तिथेच कोंडला होता. पण सांगणार कशी?

लेकीच्या प्रश्नानंतर मालकांनी मला एका जुन्या पत्र्यावर शेवटचं चालवून पाहिलं. भक... भक... मालकीणबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"अगंबाई, ही तर तेलाच्या डब्यासारखी भकभकतेय! डब्याला एकच भोक पाडलं की असंच होतं. हवेसाठी दुसरं पाडावं लागतं."

लेक ताडकन उठली. "आई, थांब! मग हिचं दुसरं भोक कुठंय?"

तिने माझं झाकण उजेडात धरलं, नखाने खरवडलं. पट्टी सुटून आली. मालकांनी झाकण परत बसवलं, मला उचललं आणि चाप ओढला. पत्र्यावर रंग धुक्यासारखा अलगद उतरला, कडेपासून कडेपर्यंत सारखा. तो हात जराही थरथरला नाही, मित्रांनो. मी त्याच हातात होते, मला विचारा.

काम संपलं की आम्हाला झाकणासकट धुवा, एवढंच मागणं आहे. आणि वस्तू बिघडली म्हणून माणसाला मोडीत काढू नका, अगदी स्वतःलासुद्धा.

लेकीने मला पुसून हुकावर टांगलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आई, बाबा, ऐका. रविवारपासून मी रंगकाम शिकणार. पहिलं आमच्या वर्गातलं कपाट, पुन्हा घासून. मैत्रिणींना समोर बसवणार आणि बाबांचा हात बघायला लावणार. विचारत नाहीये, सांगतेय!"