हवेवर लावलेलं शून्य

माझा दादा टोलनाक्यावर बसतो. चार नंबरच्या खिडकीत, ट्रकच्या रांगेला. अकरा वर्षं झाली. आणि मी सरकारी खात्यात आहे, रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर मोजते. आमच्या घरातली दोन माणसं धुरावरच जगतात, एक गिळून आणि एक मोजून, असं वहिनी म्हणते. वहिनीची जीभ तिखट आहे, आणि तिचं म्हणणं खोटं नसतं ही खरी पंचाईत.

दोन वर्षं झाली, दादाला खोकला आहे. जिना चढताना तो मध्येच थांबतो, खिशातून मोबाईल काढतो आणि उगाच बघत राहतो, जसा काही कोणाचा महत्त्वाचा निरोप आलाय. आम्हीही मग थांबतो, काही कळलं नाही असं दाखवतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्या खिडकीतून उठा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. नाक्याच्या आतल्या खोलीत कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायची जागा रिकामी होती. दादाने अर्ज केला. मॅनेजर म्हणाला, "खोकला काय, सगळ्यांनाच होतो. तुमच्या रांगेतल्या गाड्यांचा धूर मर्यादेच्या वर आहे असा सरकारी अहवाल येऊ दे, दुसऱ्या दिवशी आत बसवतो."

आणि त्याने खरंच आमच्या खात्याला पत्र घातलं. तीन दिवस मोजणी, रोज फक्त दोन तास, कारण तेवढाच वेळ ते आम्हाला रांगेच्या कडेला उभं राहू देणार होते. काम दुसऱ्या पथकाकडे चाललं होतं. मी साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला द्या. भाऊ तिथेच बसतो हे सांगितलं नाही. मला वाटलं, ते दुसरे लोक टंगळमंगळ करतील, मी गेले तर काम चोख होईल. चोख! आज हा शब्द आठवला तरी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमचं यंत्र म्हणजे एक पेटी आणि दोन नळ्या. एक नळी ट्रक थांबतो तिथे ठेवायची. फाटक उघडलं की ड्रायव्हर गाडी उचलतो आणि त्या क्षणी खरा धूर बाहेर पडतो, तो ही नळी ओढून घेते. दुसरी नळी स्वच्छ हवेच्या सिलिंडरला जोडलेली असते. कारण यंत्राला अक्कल नसते, स्वच्छ हवा म्हणजे काय हे त्याला आधी सांगावं लागतं. त्या सिलिंडरची हवा हुंगून ते म्हणतं, हे माझं शून्य, आणि याच्या वर जे येईल तो धूर. दर वीस मिनिटांनी ते आपणहून पुन्हा हुंगतं आणि शून्य ताजं करून घेतं. आम्ही याला शून्य लावणं म्हणतो. शून्य नीट लागलं की बाकीचं काम शेंबडं पोरही करील.

पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. मर्यादा पन्नासची, सरासरी आली एकाहत्तर. दादा खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला, "काय धूरबाई, पास का नापास?"

"तू गप बस आणि गाड्या सोड," मी म्हटलं. पण बोटांनी सात आणि एक दाखवलं. शेजारच्या खिडकीतल्याला तो सांगत होता, ती माझी बहीण, ते यंत्र तिला एकटीला येतं. यंत्र चालवणारे आमच्या खात्यात नऊजण आहेत. पण दादाला कोण सांगणार! मी शाळेत पाढे म्हणून दाखवले तेव्हापासून आकड्यांच्या बाबतीत त्याचा माझ्यावर आंधळा विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशी व्हॅन लावली, पेटी काढली, सिलिंडरचा काटा बघितला. सिलिंडर रिकामं. आदल्या दिवशी आवराआवर करताना त्याची चावी बंद करायची राहिली होती. चावी बंद करणं माझं काम. बोटांनी आकडा दाखवून फुशारक्या मारण्यात मी ते विसरले होते, आणि सगळी हवा व्हॅनमध्येच फुस्स झाली होती.

साहेबांना फोन लावला. सिलिंडर रिकामं आहे एवढंच सांगितलं, कसं झालं ते नाही.

"मग हवेवर शून्य लाव," साहेब म्हणाले. "नियमात चालतं."

नियमात चालतं, हे खरं. पण नियमात पुढे असंही लिहिलंय की वाहनांपासून लांब, मोकळ्या जागेत जाऊन. तशी जागा म्हणजे मागची टेकडी. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. शिवाय दर वीस मिनिटांनी पुन्हा शून्य लागणार, तेव्हा टेकडी काय खांद्यावर घेऊन येणार? मी घड्याळ बघितलं. दोन तासांतली बारा मिनिटं गेलीच होती. समोर तीस-पस्तीस ट्रक इंजिन चालू ठेवून उभे. मी म्हटलं, इथे एवढा धूर आहे, शून्य जरा इकडेतिकडे झालं तर काय बिघडणार आहे! आणि दुसऱ्या नळीचं तोंड तिथेच, रांगेच्या कडेला, मोकळं सोडून दिलं.

म्हणजे मी काय केलं ते सांगते. वजनकाट्यावर आधीच पोतं ठेवलेलं असताना मी काट्याला सांगितलं, हे शून्य समज. मग वर आणखी काय पडलं तेवढंच काटा दाखवत बसला. खालचं पोतं कोणी मोजलंच नाही. आणि दादा दिवसाचे आठ तास श्वास घेतो तो त्या पोत्यातलाच.

मध्येच एकदा रांगेत खंड पडला. वाऱ्याची झुळूक आली, हवा क्षणभर बरी झाली, आणि पडद्यावर आकडा आला उणे सात. आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर, त्याला आम्ही फटफटी म्हणतो कारण त्याचं तोंड बंद होत नाही, तो वाकून बघायला लागला.

"उणे? म्हणजे ट्रकने हवा धुऊन दिली की काय आपल्याला?"

मी हसले. चांगली खदखदून हसले. धूर उणे कधी नसतो. उणे आकडा आला की समजायचं शून्य घाण आहे, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते. तरी मी हसले आणि पुढच्या ट्रककडे बघितलं, कारण अजून पन्नास मिनिटं शिल्लक होती.

तिसऱ्या दिवशीही तेच. स्टोअरवाला म्हणाला नवं सिलिंडर सोमवारी, आणि आमची मोजणी शुक्रवारी संपत होती. दुसऱ्या दिवसाची सरासरी सदतीस आली, तिसऱ्या दिवसाची छत्तीस. रांग तीच, ट्रक तेच, माझा भाऊ त्याच खिडकीत खोकतोय, आणि आकडा निम्म्यावर. तिन्ही दिवसांची सरासरी काढली तर अठ्ठेचाळीस. मर्यादेच्या आत. दोनने.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, शेवटचे दोन दिवस धरता येणार नाहीत, शून्य हवेवर लावलं होतं, उणे आकडे आलेत.

"उणे आकडे गाळून टाक," साहेब म्हणाले.

"ते गाळूनच अठ्ठेचाळीस आलेत, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. साहेब वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, सगळं त्याच्या डोक्यावर फोडता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "शेऱ्यात तसं लिहिलंस तर तिन्ही दिवस बाद. पुन्हा रांग मिळायला दोन-तीन महिने. आणि सिलिंडर रिकामं कसं झालं तेही लिहावं लागेल. लिहितेस?"

त्यांना चावीचं ठाऊक होतं. फटफटीच्या तोंडून ते खात्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. माझी बढती तेव्हा वरच्या टेबलावर पडून होती.

"असं करू," तेच म्हणाले, "मर्यादेच्या आत, परंतु काठावर, असं लिहू. ज्याला समजायचं त्याला समजेल."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मला ते पटवून घ्यायचंच होतं. मी मनाशी म्हटलं, मॅनेजर 'काठावर' वाचेल, त्याला कळेल, दादाला आत घेईल. आणि मी सही केली. नाव, हुद्दा, तारीख, सगळं ठसठशीत.

पुढे दहा दिवस मी दादाकडे गेले नाही. काम आहे म्हणून सांगत राहिले. अकराव्या दिवशी सुट्टी होती, आणि आता न जाणं फारच दिसायला लागलं म्हणून दुपारी जेवणं झाल्यावर गेले. दादा बुटाची नाडी बांधत होता. अंगात नाक्याचा गणवेश. तो गणवेश बघून मी काय ते समजले, तरी विचारलं, "आत नाही घेतलं?"

"अगं, घेतील कसे?" दादा म्हणाला. "अहवाल आला ना. धूर मर्यादेत आहे."

"काठावर आहे असं लिहिलंय."

"मॅनेजर म्हणाला, काठावर म्हणजे आतच." तो हसला, हसता हसता खोकला लागला, भिंतीला हात टेकून थांबला. "तो तसा भला माणूस. म्हणाला, सात दिवसांत हरकत घ्या, पुन्हा मोजणी मागवू. मी म्हटलं, साहेब, खालची सही बघा. माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. आकड्यात ती चुकायची नाही. हरकत नाही म्हणून लिहून देऊन आलो तिथल्या तिथे."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आणि घरी येऊन मला म्हणाले, बहुतेक मनाचाच खोकला असेल. सवय लागली असेल खोकायची."

मी खाली बसले. म्हटलं, "दादा, आकडे चुकलेत." आणि सगळं सांगून टाकलं. चावी, सिलिंडर, मोकळी सोडलेली नळी, उणे सात, साहेब. रडले नाही. रडायचा हक्क माझा नव्हता.

दादा एक बूट घालून, एक हातात धरून ऐकत होता. मला वाटलं आता हा बूट फेकून मारतो. मारला असता तर मी तो झेललासुद्धा असता. पण तो वहिनीकडे वळला. "ऐकलंस?" तो म्हणाला. "मी ढोंग नव्हतो करत."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. खरा आनंद. त्याहून वाईट मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

मग त्याने दुसरा बूट घातला आणि नाडीकडे बघतच विचारलं, "हे लिहून देशील?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर आहे. पण मी आधी बढतीचा विचार केला, मग चौकशीचा, मग साहेबांच्या चेहऱ्याचा, आणि मग तोंड उघडलं. तोवर दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. लहानपणापासून ओळखतो तो मला.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझी नोकरी कशाला घालवायची? दोनची पाळी आहे, निघतो."

तो गेला. जिन्यावर त्याच्या थांबण्याचा आवाज आला, म्हणजे बुटांचा आवाज यायचा बंद झाला. आणि त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला हायसं वाटलं.

वहिनीने टेबलावरचं फडकं उचललं, टेबल पुसलं, आणि माझ्यापुढे वही आणि पेन ठेवलं.

"त्यांनी राहू दे म्हटलं," ती म्हणाली. "मी नाही म्हटलेलं. लिहा, वन्सं."

मी लिहिलं. हात सवयीचा आहे, भराभर लिहिलं. 'सदर मोजणीच्या वेळी यंत्राचे शून्य योग्य प्रकारे लावले गेले नसल्याचे निदर्शनास आले आहे. त्यामुळे दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाचे आकडे विचारात घेतले जाऊ नयेत.' खाली सही केली आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिने बोट ठेवून एकेक शब्द वाचला. दोनदा वाचला.

"लावले गेले नाही, निदर्शनास आले," ती म्हणाली. "यात तुम्ही कुठे आहात?"

मी वही माझ्याकडे फिरवून घेतली आणि वाचलं. सहीपर्यंत मी कुठेच नव्हते. वहिनीने तो कागद टरकन फाडला, वहीचं पुढचं कोरं पान उघडलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. तिला कुठे जायचं नव्हतं. मी पेन हातात धरून बसले होते, आणि पहिला शब्द 'मी' लिहायचा आहे हे मला चांगलं समजत होतं.