छोटं की मोठं

"मला हे छोटं द्या," म्हणत तिने टेबलावरचं एक रबरी पोट उचललं आणि दुसरं कोपराने हळूच मागे सरकवलं.

सर्जनने हसू दाबलं. "ताई, चपला घ्यायला आलात का? दोन्ही नीट बघा तरी."

त्यात बघायचं काय? तिच्या हातात होतं ते स्लीव्ह ऑपरेशनचं. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, उरलेल्याची अरुंद नळी शिवायची, की काम फत्ते. मागे सरकवलेलं होतं ते बायपासचं. त्यात पोटाची चिमुकली पिशवी करून आतडं वळवून तिला जोडलेलं. वर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, आणि गोड जरा जास्त झालं की गरगरणार. आतड्याला हात लावू द्यायची तिची तयारी नव्हती.

वजन उतरवायचं ऑपरेशन करायचं हे मात्र तिने पक्कं केलं होतं. गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती, पण खरं कारण वेगळंच होतं. ती बसस्थानकावर निवेदिका होती. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते सांगायचं, एवढंच काम. पण ते तिच्याइतकं गोड आणि खणखणीत कुणी सांगत नसे. अलीकडे तो आवाज बसू लागला होता. साहेबांनी दोनदा आडून सुचवलं होतं, तिकीट खिडकीवर बसता का म्हणून. तिने स्वतःच निदान करून टाकलं होतं की वजन वाढलं, धाप लागते, म्हणून आवाज जातो. वजन गेलं की आवाज परत येईल. गुडघे गेले असते तरी तिने एकवेळ सोसलं असतं, आवाज जाणं तिला सोसणार नव्हतं.

शेजारच्या खुर्चीत सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. नवरा लांबच्या फेरीवर गाडी घेऊन गेलेला, म्हणून सोबतीला त्या आल्या होत्या. "तोंड आवरलं असतं तर पोट कापायची वेळ आली नसती," हे घरातून निघतानाच ऐकवून झालं होतं. तसं दोघींत भांडण कधी नव्हतं. पण बोलणंही नव्हतं. 'चहा झालाय' आणि 'दार ओढून घे' एवढ्यावर इतकी वर्षं निभावून गेली होती.

"छातीत जळजळ होते? घशाशी आंबट येतं?" सर्जनने विचारलं.

"छे, अजिबात नाही."

बाहेरच्या बाकावर एका बाईने तिला बजावलं होतं की जळजळ सांगितलीस की मोठं, बायपासचं ऑपरेशन गळ्यात मारतात. तेव्हा याबाबतीत तोंडाला कुलूप.

"खोटं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"आई काय? तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते, डॉक्टर. पहाटे ओट्याशी उभी राहून गार दूध पिते. तिला वाटतं, म्हातारी घोरतेय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चहाड्या करायला हाच मुहूर्त मिळाला?

"आणि आवाज?" सर्जनने पेन खाली ठेवलं. "तोही बसतो का?"

ती बोलण्याआधीच सासूबाईंनी उत्तर दिलं. "सकाळच्या गाड्या सांगताना पार चिरकतो. दुपारनंतर जरा सुटतो. फलाटाचा आकडा सांगायच्या आधी थांबून आवंढा गिळते."

सर्जनने मागे सरकवलेलं पोट उचलून तिच्यासमोर ठेवलं. "ताई, बरं झालं कळलं. स्लीव्हनंतर ही जळजळ वाढू शकते. पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येतं, आवाज बहुतेक त्यानेच बसतोय. आधी दुर्बिणीने आत बघू, घशाच्या डॉक्टरांनाही दाखवू. पण मला विचाराल तर तुमच्यासाठी हे. याने जळजळ बहुतेकदा कमी होते."

"म्हणजे माझा आवाज संपला नाही?"

"संपायला काय झालंय?"

तिला एकदम हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. कितीतरी महिने छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. आतड्याची भीती गेली नव्हती, पण आता ती भीती परवडण्याजोगी होती. "मग मोठंच करू," ती म्हणाली.

बाहेर पायऱ्या उतरताना सासूबाई कठड्याला धरून पुढे चालल्या होत्या. तिचा राग निवला होता, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. घरी ती कधी गाड्या सांगत नसे.

"आई, आकड्याआधी मी थांबते ते तुम्हाला कसं कळलं?"

"येऊन बसते तिथे अधूनमधून."

"कुठल्या गाडीसाठी?"

"मला कुठे जायचंय आता?" सासूबाईंनी मागे न बघता पुढची पायरी चाचपली. "घरात तू बोलतेस कुठे? तिथे आलं की ऐकायला मिळतं."

मग तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि फाटकापर्यंत, तिथून रस्ता ओलांडून रिक्षा मिळेपर्यंत आणि रिक्षातही ती बोलत राहिली. साहेबांबद्दल, चुकलेल्या गाड्यांबद्दल, भलत्याच गाडीत जाऊन बसलेल्या एका नवरदेवाबद्दल. आवाज मधूनमधून चिरकत होता. सासूबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.