येरिनचा मुकुट

नेदरलँड्समध्ये हेगच्या आमच्या आंतरराष्ट्रीय शाळेत वाढदिवसाला मूल कागदी मुकुट घालून वर्गभर खाऊ वाटतं. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत वाढदिवस येणाऱ्यांचा आम्ही आधीच साजरा करतो.

येरिनचा ऑगस्टमध्ये यायचा. वर्षभर ती विचारायची, "बाई, माझा नंबर कधी?"

जूनमध्ये यादी फार लांबली, तेव्हा मी म्हटलं, "राणी, तुझा सुट्टीनंतर. पहिल्याच दिवशी!"

"तोवर ही म्हातारी होईल, बाई!" तिच्या शेजारी बसणारी फ्लोर्ये म्हणाली. येरिनसुद्धा हसली आणि तिने आधीच बनवलेला आपला मुकुट माझ्या कपाटात जपून ठेवला.

सुट्टी संपली, तर तिची जागा रिकामी. कार्यालयातून कळलं, वडिलांची बदली झाली आणि सगळे जुलैतच कोरियात, सोलला परतले. आमच्याकडची मुलं अशीच अचानक जातात, हे तीस वर्षं शिकवून मला ठाऊक होतं. तरी मी तिला थांबायला सांगितलं.

"बाई, तिकडे तिला मुकुट देतील ना?" फ्लोर्येने विचारलं.

मी कपाटातून मुकुट काढला. आतल्या बाजूला येरिनने बारीक अक्षरात कुणाला कोणता खाऊ आवडतो ते लिहून ठेवलं होतं. सगळ्यांत शेवटी होतं, "बाईंना चीज."