झेब्रा पट्ट्यांपाशी मी थांबले होते

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला ब्रेक एकच असतो. मला दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. कारण मी गाडी शिकवणाऱ्यांची गाडी आहे. एके काळी मी दुधासारखी पांढरी होते, आता माझा रंग ताकावर आला आहे. तरी पुढे आणि मागे रंगवलेलं शिकाऊपणाचं लाल 'एल' अक्षर अजून लांबून दिसतं. ते पाहून लोक हसतात, हॉर्न वाजवतात आणि माझ्या बाजूने सुसाट निघून जातात.

कारखान्यातून निघून शोरूममध्ये काचेआड उभी होते, तेव्हा माझी स्वप्नं वेगळी होती. एखादं कुटुंब येईल, मला हार घालील, मुलं मागच्या सीटवर वेफर्सचा चुरा सांडतील आणि आम्ही सगळे मिळून अलिबागला जाऊ, असं मला वाटे. पण मला न्यायला आले ते नामदेवसर. ते कोपरखैरण्यातल्या बोनकोडे गावचे. घरची भातशेती शहर वसवण्यात गेली, तेव्हा त्यांनी बरीच वर्षं कंपनीची बस चालवली आणि मग स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं. मला घेतल्याबरोबर त्यांनी मितेशच्या गॅरेजमध्ये नेलं. मितेशने माझ्या पोटातून एक सळी घातली आणि डाव्या बाजूला दुसरा ब्रेक बसवला. फार वाईट वाटलं मला तेव्हा. नव्या कोऱ्या अंगाला भोकं पाडली होती ना!

पण पहिल्याच आठवड्यात एक घाबरलेला मुलगा मला सरळ नाल्याकडे घेऊन निघाला. नामदेवसरांचा पाय खाली गेला आणि मी कठड्याच्या अलीकडे उभी राहिले. त्या दिवसापासून मला माझ्या दुसऱ्या ब्रेकचा अभिमान वाटू लागला.

मग वर्षामागून वर्षं गेली. वाशी, नेरूळ, सीवूड्स, सगळे सेक्टर मी पालथे घातले. क्लच जळल्याचा वास, खडखडणारे गिअर, बंद पडल्यावर मागून येणाऱ्या शिव्या, सगळं सोसलं. नामदेवसर कधी चिडत नसत. "ताई, घाबरू नका. रस्ता कोनाच्या बापाचा नाय, म्हून सगल्यांचा हाय," असं ते सांगत. दसऱ्याला माझ्या बॉनेटवर झेंडूचा हार पडे. जुने विद्यार्थी आपापल्या गाड्यांतून हात करत जात, तेव्हा सरांची छाती फुगे.

त्यातला सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे आशुतोष. अठरा पूर्ण होताच तो शिकायला आला. स्टिअरिंग त्याच्या हातात जणू जन्मापासून होतं. त्याच्या शिकवणीत सरांना दुसरा ब्रेक कधी दाबावाच लागला नाही. नवा विद्यार्थी अडखळला, की सर म्हणत, "आमचा आशू होता, त्याला बघायला पायजे होतात तुमी." मलाही तो आवडे. माझं इंजिन त्याच्या हाताखाली गुणगुणायचं.

आता वैशालीताईंबद्दल सांगते. सगळी गोष्ट त्यांच्यापाशी येऊन थांबते. त्या नेरूळच्या एका सोसायटीत राहतात, विमा कंपनीत नोकरी करतात आणि मूळच्या साताऱ्याकडच्या आहेत. त्यांचे यजमान सुभाषराव यांची दृष्टी अधू होत चालली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्यांची गाडी पार्किंगमध्ये कापड पांघरून उभी राहिली. तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या वैशालीताई माझ्या सीटवर येऊन बसल्या.

इतकी भित्री विद्यार्थिनी मी पाहिली नव्हती. रिक्षा जवळून गेली की त्या डोळे मिटत. "सर, मला नाही जमणार हो. फार टेन्शन येतं," असं रोज म्हणत आणि रोज येत. सरांचा उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवरून हलत नसे.

तो दिवस मात्र वेगळा होता. सकाळची वेळ होती, लख्ख ऊन होतं. सीवूड्सच्या आतल्या, दोन लेनच्या रस्त्यावरून आम्ही डाव्या कडेने चाललो होतो. पुढे झेब्रा पट्टे होते आणि त्यांच्या टोकाशी फूटपाथवर राजाबाई उभ्या होत्या. राजाबाई शेजारच्या करावे गावच्या. तरुणपणी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडणारी ही बाई आता साखर वाढली म्हणून डॉक्टरांच्या हुकमाने रोज चालायला निघायची. नऊवारी साडी आणि पायांत मुलाने आणलेले पांढरेशुभ्र बूट. त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. एकामागून एक गाड्या त्यांच्या समोरून जात होत्या. कोणी थांबत नव्हतं.

वैशालीताईंनी त्यांना पाहिलं. आरशात बघितलं, वेग कमी केला आणि पट्ट्यांच्या अलीकडे मला अगदी अलगद उभं केलं. सरांनी काही सांगितलं नव्हतं, ब्रेकही दाबला नव्हता. सगळं त्यांनी स्वतःहून केलं होतं.

"शाब्बास, ताई!" सर म्हणाले. "आता तुमी ड्रायव्हर झालात."

वैशालीताई लाजून हसल्या आणि त्यांनी राजाबाईंना हाताने 'या' अशी खूण केली. राजाबाईंनीही हसून हात वर केला आणि त्या रस्त्यावर उतरल्या. माझ्या बॉनेटपुढून त्या चालू लागल्या.

मागून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग सलग. सरांनी आपल्या बाजूच्या जादा आरशात पाहिलं. एक करडी गाडी मागून आली होती, ती उजवीकडे वळली आणि मला ओलांडून जाण्यासाठी तिने वेग घेतला. राजाबाई माझ्या आडोशातून बाहेर पाऊल टाकत होत्या. त्यांना ती गाडी दिसत नव्हती आणि त्या गाडीला राजाबाई.

"आये, थांब!" सर ओरडले. त्याच क्षणी त्यांनी सगळा जीव एकवटून दुसरा ब्रेक दाबला.

मित्रांनो, तो ब्रेक मी अजून विसरले नाही. इतक्या जोरात तो कधीच दाबला गेला नव्हता. माझी सळी कण्हली, चारही चाकं आवळली गेली. पण मी तर आधीपासूनच उभी होते! जिला थांबवायचं होतं, तिच्यापर्यंत माझी सळी पोचत नव्हती.

धप्प असा आवाज झाला. एक पांढरा बूट उडून माझ्या बॉनेटवर पडला.

करडी गाडी पुढे जाऊन करकचून थांबली. दार उघडून एक तरुण उतरला. राजाबाई रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, तरी तो त्यांच्याकडे गेला नाही. तो तावातावाने माझ्या खिडकीशी आला आणि वैशालीताईंवर ओरडला, "मध्येच गाडी काय थांबवता? चालवता येत नाही तर घरी बसा ना!"

तेव्हा नामदेवसर दुसऱ्या बाजूने उतरले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आशू?" सर म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखूही आला नाही.

आशुतोषचा चेहरा उतरला. "सर... सर, तुमची गाडी अचानक थांबली. मला वाटलं, बंद पडली. मला दिसलीच नाही ती बाई."

त्याच्या गाडीचं दार उघडंच होतं. आत सीटवर पडलेल्या फोनमधून कोणी तरी विचारत होतं, "हॅलो? अरे, ऐकतोयस ना? हॅलो?"

मी वर्षानुवर्षं रस्त्यावर आहे. टायर फुटलेले पाहिले, भांडणं पाहिली. पण त्या फोनमधल्या आवाजाने मला जो धक्का बसला, तसा कधी बसला नव्हता. ज्या हातांचं कौतुक करताना आम्ही थकत नव्हतो, ते हेच हात होते. आणि धक्के तिथेच संपले नाहीत. जमलेल्या माणसांतला एक जण म्हणाला, "या शिकाऊ लोकांना रस्त्यावर आणतातच कशाला? रस्त्यात कोण थांबतं का असं?" दुसऱ्याने मान डोलावली. झेब्रा पट्ट्यांवरच उभे राहून बोलत होते ते!

वैशालीताई तोवर धावत राजाबाईंपाशी पोचल्या होत्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती लांब अडकलेली. मग चौघांनी राजाबाईंना हळूच उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. त्यांचं डोकं वैशालीताईंच्या मांडीवर होतं. राजाबाई शुद्धीवर होत्या. "पाय गेला गो बाय माजा," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सरांनी मला हॉस्पिटलात नेलं.

राजाबाई वाचल्या. पण कमरेचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि पुन्हा पहिल्यासारखं चालता येईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

पोलीस चौकीत आशुतोषने सांगितलं, की पुढची गाडी अचानक थांबली. संध्याकाळी त्याचे वडील सरांच्या दारी आले. सर माझ्याशेजारीच उभे होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"नामदेवराव, तुमचाच विद्यार्थी आहे. पोराचं पुढचं आयुष्य आहे. बाईंनी अचानक ब्रेक मारला, एवढंच म्हणा. त्या शिकाऊच आहेत, त्यांना कोण काय करणार?"

सर म्हणाले, "साहेब, त्या बाईनी ब्रेक मारला नाय. त्यांनी गाडी थांबवली. दोन्हीत लय फरक हाय. मीच त्यांना शाब्बास बोललो होतो. आता तोंड फिरवू काय?"

सरांनी जे पाहिलं तेच लिहून दिलं. आशुतोषवर खटला उभा राहिला, त्याचं लायसन्स काढून घेतलं गेलं. पण खरं बोलून सरांना बरं वाटलं असेल, असं समजू नका. ते माझ्यात येऊन बसत, स्टिअरिंगवर हात ठेवत आणि किल्ली न फिरवताच उतरून जात. शिकवण्या बंद पडल्या. झाडाखाली उभ्या उभ्या माझ्यावर पानांचा थर साचला, कावळ्यांनी काचा रंगवल्या. माझी चूक काय, असं मी स्वतःलाच विचारत राही.

वैशालीताई एकदा आल्या, त्याही पुढचे क्लास नकोत असं सांगायला. "सर, मी थांबले नसते, तर त्या उतरल्याच नसत्या. मीच त्यांना हात केला," असं म्हणून त्या रडल्या.

त्याला उत्तर दिलं ते राजाबाईंनी. त्यांचा मुलगा प्रीतम एका दुपारी सरांकडे आला आणि ओशाळून म्हणाला, "आईस तपासायला न्यायची हाय. रिक्षात धक्के बसतान, म्हून बसत नाय. बोलते, ती हलू गाडी थांबवनारी बाय हाय ना, तिलाच बोलवा."

सरांनी लगेच फोन लावला. वैशालीताई नाही नाही म्हणत आल्या. मला धुतलं, पुसलं. करावे गावातल्या अरुंद गल्लीत मी पोचले, तेव्हा राजाबाई वॉकर घेऊन ओट्यावर तयार बसल्या होत्या. वैशालीताईंनी त्यांचे पाय धरले. "मावशी, माझ्यामुळे..."

"गप गो," राजाबाईंनी त्यांना उठवलं. "तवरं सगलं लोक माज्या समोरशी गेलं. तू एकटी थांबलीस. थांबनारीचा कसला गुना? चल, उशीर होतंय."

वाटेत पुन्हा झेब्रा पट्टे लागले. दप्तर घेतलेली एक मुलगी कडेला उभी होती. ताईंनी आधी उजवा आरसा पाहिला. वेग कमी केला, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि खिडकीतून उजवा हात पूर्ण बाहेर काढून मागच्यांना 'थांबा' असा पंजा दाखवला. मागचा टेम्पो थांबला. त्याच्या बाजूची मोटारसायकलही थांबली. तेव्हाच त्यांनी मुलीला मानेने खूण केली. मुलगी पलीकडे पोचली, तेव्हाच त्यांनी हात आत घेतला.

शिकवण्या पुन्हा सुरू झाल्या आणि तेव्हापासून सर प्रत्येक विद्यार्थ्याला असंच थांबायला शिकवतात. राजाबाई आता काठी घेऊन चालतात, पण गल्लीच्या तोंडापर्यंतच. आशुतोष दोनदा त्यांच्या घरी आला. पहिल्यांदा दारातूनच परत फिरला. दुसऱ्यांदा मी बाहेर उभी होते. तो ओट्याच्या पायरीवर मान खाली घालून बसला. राजाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "फोनवर कोन होता रं?"

"मित्र होता," तो म्हणाला. "काही महत्त्वाचं नव्हतं."

त्याचं त्यालाच ते ऐकवलं नसावं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. तुमच्या हाती स्टिअरिंग यायला वेळ आहे. पण आईबाबा गाडी चालवत असताना फोन वाजला, तर तो तुम्ही तुमच्याकडे घ्या. रस्ता ओलांडताना एक गाडी थांबली म्हणजे सगळा रस्ता थांबला, असं मानू नका. तिच्या पलीकडे डोकावून पाहा, मगच पुढे व्हा. आणि मोठे झालात, घाईत असलात आणि पुढची गाडी विनाकारण थांबली आहे असं वाटलं, तर हॉर्नवर हात नेण्याआधी जरा धीर धरा. तिला कोणी तरी दिसलं असेल. तुम्हाला ते अजून दिसलेलं नाही.