उंच चेंडू कुणाचा?

टेनिसमधल्या दुहेरीच्या खेळात शब्द दोनच लागतात. चेंडू दोघींच्या मधोमध आला की एकीने ‘माझा’ म्हणायचं, नाहीतर ‘तुझा’. दोघी गप्प राहिल्या तर चेंडू मधून निघून जातो, आणि दोघी धावल्या तर टाळकी आपटतात. वेंडुलाला यातला पहिला शब्द उत्तम यायचा. दुसरा तिच्या तोंडून कुणी ऐकला असेल तर त्याने पुढे यावं.

अकरा वर्षं ती ब्लांकाच्या जोडीने खेळली. ब्लांका नेटपाशी उभी असायची. तिच्या डोक्यावर उंच चेंडू आला की मागून आरोळी उठायची, “माझा!” ब्लांका मान खाली घालून बाजूला सरकायची आणि वेंडुला धावत येऊन तो चेंडू असा हाणायची की समोरच्या बायका चक्क पाठ फिरवायच्या. लोक म्हणायचे, जोडी असावी तर अशी. वेंडुलाही तेच म्हणायची. ब्लांकाला कुणी विचारलं नव्हतं. खाणावळीतसुद्धा वेटर आला की वेंडुलाच सांगून टाकायची, “दोन लसणाची सूपं,” आणि ब्लांका आपली मुकाट्याने सूप प्यायची.

मग एप्रिलमध्ये, ब्रनोहून परत येताना गाडीत ब्लांका म्हणाली, “पुढच्या महिन्यापासून मी झोराबरोबर खेळणार आहे.”

गाडी अर्थातच वेंडुला चालवत होती. “का?”

“सांगून तुला कळायचं नाही, वेंडो.”

त्या ‘का’ने वेंडुलाचा सगळा उन्हाळा नासवला. झोरा तरुण होती, उंच होती, पण खेळात काही वेंडुलाच्या वरचढ नव्हती. भांडण झालं नव्हतं, कुणा पुरुषाची भानगड नव्हती. उलट प्रत्येक अवघड चेंडू आपण स्वतःच्या अंगावर घेतला, आणि त्याचे हे असे पांग फेडले! तिला फार लागलं होतं. सामने जिंकले काय, हरले काय, तिला आता एवढंच हवं होतं, की ब्लांका का गेली ते कळावं.

ऑगस्टमध्ये लाबे नदीकाठच्या वेंडुलाच्या लहानशा गावातल्या स्पर्धेत दोघी अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या. वेंडुलाबरोबर या खेपेला रोझालिए होती, एकोणीस वर्षांची, मुकी म्हणावी इतकी अबोल. वेंडुलाला तशाच जोडीदारिणी मिळतात, की तिच्यापाशी आल्यावर तशा होतात, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

लाल मातीवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. क्लबातले म्हातारे बिअरचे पेले घेऊन कठड्याला टेकले होते. या गावाने वेंडुलाला लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे कुणी भीड ठेवत नव्हतं.

“वेंडुला, रोझालिएलाही एखादा मारू दे गं!” एक जण ओरडला. “पोरीच्या रॅकेटला जळमटं धरतील!”

“तुमच्या बिअरवर लक्ष ठेवा, आजोबा,” वेंडुला म्हणाली.

सामना बरोबरीत गेला आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये अडला. एक गुण मिळाला की ब्लांका आणि झोरा जिंकणार होत्या. दोन्ही बाजूंनी बराच वेळ टोलवाटोलवी झाली आणि रोझालिएने घाबरून चेंडू उंच उडवला. तो नेटपलीकडे ब्लांकाच्या डोक्यावर गेला. ब्लांका रॅकेट उचलून एक-एक पाऊल मागे सरकू लागली.

“माझा!” वेंडुला ओरडली.

आणि ब्लांका मान खाली घालून बाजूला झाली.

चेंडू टप्पकन रेषेच्या आत पडला. कुणालाच काही उमगेना. मग कठड्यावरून हशा उसळला, आणि झोरा पंचाकडे धावली. “मुद्दाम ओरडली ती! आमचा चेंडू होता. गुण आमचा, सामना आमचा!”

पंचाने मान डोलावली. प्रतिस्पर्ध्याला ओरडून चुकवलं तर गुण जातो, नियम तसाच आहे. वेंडुलाचे कान लाल झाले. हरण्याचं तिला काही वाटलं नाही. पण ब्लांकालाही वाटलं असेल का, की आपण तिला फसवलं? तिच्याकडे बघायचा तिला धीर होईना.

ब्लांका पंचाच्या उंच खुर्चीशी गेली. “मुद्दाम नाही ते. न ठरवता झालं असेल तर गुण परत खेळतात ना? परत खेळू.”

“बाई, तुम्हाला कसं ठाऊक मुद्दाम नव्हतं ते?”

“अकरा वर्षं ऐकतेय,” ब्लांका म्हणाली. “जाळी मध्ये असली म्हणून काय झालं? चेंडू वर गेला की तो हिचाच असतो. हिला थांबवता येत नाही, आणि मला हलल्याशिवाय राहवत नाही.”

ती रागाने बोलली नव्हती. वेंडुलाने मात्र ते उभ्या उभ्या ऐकलं, आणि एप्रिलपासून जे उत्तर ती शोधत होती ते तिला मिळालं.

गुण परत सुरू झाला. या वेळी उंच चेंडू वेंडुलानेच उडवला. मुद्दाम की हातून तसा गेला, हे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. चेंडू ब्लांकाच्या डोक्यावर गेला. वेंडुलाने ओठ घट्ट मिटून घेतले.

“माझा!” ब्लांका ओरडली. झोरा थबकली. ब्लांकाने हाणलेला चेंडू वेंडुलाच्या पायाशी आपटून थेट कठड्यापलीकडे गेला, आणि एका आजोबांची बिअर सांडली.

नेटपाशी हात मिळवताना वेंडुलाने विचारलं, “सगळेच मी घेत होते काय गं?”

“सगळे नाही. एक-दोन माझ्या टाळक्यावर पडले.”

संध्याकाळी क्लबाच्या खाणावळीत दोघी एका टेबलाशी बसल्या. वेटर आला. वेंडुलाने तोंड उघडलं, मिटलं, आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

“जर्दाळू भरलेले पिठाचे गोळे,” ब्लांका म्हणाली. “वर भरपूर लोणी घाला. सूप नको. मला लसणाचं सूप कधीच आवडलं नाही.”

“कधीच नाही? मग बोलली का नाहीस?”

“मधे जागा कुठे होती?”

गोळे आले. जुन्याच सवयीने दोघी एकाच बशीतून खाऊ लागल्या. शेवटी एक गोळा उरला, बशीच्या बरोबर मधोमध. वेंडुलाचा काटा अर्ध्या वाटेवर गेला आणि थांबला.

“तुझा,” ती म्हणाली.

ब्लांकाने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि हिचं मन बदलायच्या आत तो अख्खा गोळा तोंडात टाकला.