बारसं आत, वरवंटा चाकाखाली

मी वरवंटा बोलतोय. जरा कान देऊन ऐका, कारण माझ्या पाठीवर साडेतीन टनांची कॅम्परव्हॅन आहे आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही.

गाव स्टुटगार्ट, थंडी उणे नऊ. गाडीचं पुढचं डावं चाक माझ्यावर टेकलंय. माझ्यापासून दोन पावलांवर हेर बॉयर्ले (हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत') या शेजाऱ्यांची काचेची खोली आहे. आणि आज सकाळी अकराला वरच्या घरात बाळाचं बारसं होतं. बारशाला पाळण्यात बाळाआधी जो घालतात तो गोप्या म्हणजे मी. त्यासाठीच तर मला या देशात आणलं. मी चाकाखालून निघालो तर गाडी काचेत जाणार, आणि नाही निघालो तर माझ्या जागी दुसराच कुणी पाळण्यात जाणार, अशी माझी पंचाईत झाली.

माझा जन्म जेजुरीच्या अलीकडे, रस्त्याकडेला बसणाऱ्या एका पाथरवटाच्या हातचा. कुंदाबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी दहा वरवंटे हातात घेऊन तोलले आणि मला निवडलं. लसणाची चटणी, कारळ्याची चटणी, पुरणपोळीचं पुरण, सगळं माझ्या अंगाखालून गेलं. मग घरात मिक्सर आला. तो नुसता किंचाळतो, पण लोकांना तेच काम वाटतं. माझा पाटा सोसायटीच्या नळाखाली गेला, कपडे आपटायला. मला गॅलरीच्या दाराला लावलं, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. माणसांना जुनी वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही, मग ती दाराला लावतात.

पण एक गोष्ट मिक्सरला या जन्मी जमणार नाही. बारसं. मला आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात, अंगडं-टोपडं चढवतात आणि बायका मला पाळण्याखालून एकमेकींच्या हातात देतात. मी आधी पाळण्यात निजतो, मग बाळ. म्हणजे घरातल्या प्रत्येक मुलाचा मी थोरला भाऊ. मिक्सरला घालून दाखवा टोपडं.

चार वर्षांपूर्वी कुंदाबाईंच्या मुलाला, गुरुदत्तला, इथे पहिली मुलगी झाली, स्पृहा. कुंदाबाईंनी मला नऊवारीत गुंडाळून विमानात घातलं. इकडे उतरल्यावर अधिकाऱ्यानं मला उलगडून विचारलं, हे काय? कुंदाबाईंचे यजमान रमेशराव इंग्रजीत म्हणाले, "बाळाचा मोठा भाऊ." अधिकाऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रमेशरावांकडे, आणि हात जोडून आम्हाला जाऊ दिलं. बारसं झोकात झालं. परतीच्या बॅगेत माझं वजन बसेना म्हणून मी इथेच राहिलो, स्वयंपाकघराच्या खिडकीत. स्पृहा रोज सकाळी मला 'मोर्गेन' म्हणते. मी तिला मनातल्या मनात 'बस गं' म्हणतो.

आता दुसरं बाळ झालं. आज त्याचा बारावा दिवस. कुंदाबाई आणि रमेशराव महिनाभर आधीच आले होते. गुरुदत्तनं एल्टर्नत्साइट घेतली. म्हणजे बाळ झालं की इथल्या बापांना मिळणारी लांब रजा. त्या रजेत इकडचे बाप कॅम्परव्हॅन घेऊन भटकतात, म्हणून यानंही परवा, शुक्रवारी, एक जुनी कॅम्परव्हॅन आणली. आधी बाळाचं बूड तर धरायला शीक, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

गाडी आली म्हणजे पूजा आली. आणि पूजा म्हणजे गाडीचं तोंड पूर्वेला हवं, असं कुंदाबाईंचं म्हणणं. या घराच्या उतारावर पूर्व नेमकी खालच्या बाजूला आहे. गुरुदत्तनं गाडी नाक खाली करून उभी केली, गिअर न टाकता, नुसत्या हँडब्रेकवर. हा मुलगा एका मोठ्या कंपनीत ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो, हे ध्यानात ठेवा.

उणे नऊमध्ये कुंदाबाईंनी गाडीभोवती सडा टाकला. अंगणात सडा टाकल्याशिवाय रांगोळी काढायची नाही, हे त्यांना कुणी जर्मनीतसुद्धा शिकवू शकत नाही. रांगोळी झाली, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ माझ्यावर फोडला आणि मला तिथेच चाकापुढे ठेवून दिलं. उरलेलं कलशातलं पाणी चारी टायरांवर ओतलं. आरती संपेपर्यंत ते पाणी गोठून सगळ्या उताराची काच झाली होती.

रमेशराव आणि स्पृहा तेव्हा गाडीत होते. आतल्या शेगडीवर चहा होतो का, याची परीक्षा चालली होती. आणि गाडी हलली.

"अहो, उतरा! स्पृहाला घेऊन उतरा!" कुंदाबाई ओरडल्या.

"अगं, आत्ता कुठे उकळी येतेय!" आतून उत्तर आलं.

गुरुदत्त गाडीबरोबर चालत होता आणि म्हणत होता, "आई, पॅनिक नको. मागची चाकं पूर्ण लॉक आहेत. टेक्निकली गाडी उभी आहे." टेक्निकली उभी असलेली गाडी आरामात खाली निघाली होती. लिंबांचा चोथा झाला. चाकानं मला ढकललं आणि मीही बर्फावरून पुढे घसरत निघालो. दगड लावला की गाडी थांबते असं तुम्हाला वाटत असेल तर तो समज काढून टाका. बर्फावर दगडही गाडीबरोबर फिरायला जातो.

गुरुदत्तची बहीण कौमुदी, म्हणजे बाळाची आत्या, म्युनिकहून आली होती. उतारावर काहीतरी खरखरीत टाकायला हवं म्हणून ती स्वयंपाकघरातून हाताला लागलेली पहिली पिशवी घेऊन धावली आणि चाकांपुढे उधळली. साबुदाणा होता. त्यावरून गाडीचा वेग वाढला आणि कौमुदी खाली बसली.

उताराच्या तळाशी पाणी जायला एक आडवी खाच आहे. नशिबानं माझं एक टोक तीत गेलं, दुसरं चाकाखाली आलं आणि मी अडकलो. कट्ट असा आवाज झाला. गाडी थांबली. तो आवाज माझ्या अंगातून आला होता. मधोमध एक चीर गेलीय, ती आजही दुखते.

काचेच्या खोलीत हेर बॉयर्ले आपल्या निवडुंगांना पाणी घालत होते. ते बाहेर आले ते खडीची बादली घेऊनच. आधी बाजूच्या दारानं स्पृहाला उचलून घेतलं, मग रमेशरावांना उतरवलं. रमेशराव कपासकट उतरले. मग बॉयर्ले यांनी बारीक खडी पसरली. त्यांच्याकडे चाकाला लावायचे दोन पिवळे प्लास्टिकचे ठोकळे होते. एक त्यांनी उजव्या चाकाखाली सारला. डाव्या चाकाखाली मी होतो, तिथे जागा नव्हती. दुसरा ठोकळा त्यांच्या हातातच राहिला.

नंतर त्यांनी गुरुदत्तला उतारावर उभं करून शिकवणी घेतली. गाडी आणायच्या आधी खडी टाकायची. नाक चढाकडे ठेवायचं. गिअर टाकायचा. चाकं बाजूच्या भिंतीकडे वळवायची, घसरलीच तर भिंतीला टेकेल. आणि ठोकळे लावूनच गाडीतून लांब व्हायचं. गुरुदत्त वहीत लिहून घेत 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत होता. गाडी ओढून नेणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले, या बर्फावर आम्ही येत नाही, सोमवारी बघू.

आणि रविवारी तर बारसं.

"गोप्याशिवाय बारसं मी करणार नाही," कुंदाबाईंनी जाहीर केलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारणा झाली, कुणाकडे वरवंटा आहे का? तिघांनी मिक्सर देऊ केला. एकीनं विचारलं, पास्ता मशीन चालेल का?

मग गुरुदत्त म्हणाला, "आई, दोन सेकंदांचं काम आहे. मी वरवंटा ओढतो, लगेच तिथे ठोकळा सारतो."

खरं सांगतो, मी मनातून हो म्हणालो. जाऊ दे ती काच, जाऊ देत ते निवडुंग, मला त्या पाळण्यात निजायचं होतं. वर्षानुवर्षं दाराला लागलेल्याला विचारा, चार बायकांनी हातोहात फिरवणं म्हणजे काय असतं.

"नाइन!" हेर बॉयर्ले कडाडले, म्हणजे अजिबात नाही. दगडाला कुणी हात लावायचा नाही, त्याला चीर गेलीय, हलवला तर तो फुटेल आणि ओढणाऱ्याचा हात चाकाखाली जाईल. गुरुदत्तनं हे आईला मराठीत सांगितलं, पण हाताचं वाक्य गाळलं. ते स्पृहानं पुरं केलं, जर्मनमध्ये, स्वतःचा हात पाठीमागे लपवून. कुंदाबाईंना जर्मन येत नाही, पण तो हात त्यांना कळला. मग त्यांनी बॉयर्ले यांच्या हातातल्या पिवळ्या ठोकळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ठोकळ्याला आंघोळ घातली. हळदकुंकू लावलं. अंगडं त्याच्या अंगात बसेना, मग टोपड्यावर भागवलं. नंदिनीला, म्हणजे बाळाच्या आईला, हसू आवरेना, टाके दुखतात म्हणत ती हसत होती. हेर बॉयर्ले सूट घालून सगळ्यांच्या आधी आले होते. पाळण्यात ठोकळा ठेवलेला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "गेनाऊ!" ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. मूल ठेवण्याआधी पाळणा पक्का करायलाच हवा, हे त्यांना पटलं होतं. पुढे गोविंदाचं, गोपाळाचं नाव घेत बायका त्या प्लास्टिकला वरखाली देत राहिल्या. मी दगड आहे, मला रडता येत नाही. पण फार वाईट वाटलं.

मग टाळ्या झाल्या, आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते कानात सांगतात, खिडकीबाहेर जात नाही. मला काही ऐकू आलं नाही.

आत्ता थोड्या वेळापूर्वी दार वाजलं. कुंदाबाई पैठणीवर गुरुदत्तचं जाकीट आणि पायांत त्याचे बूट घालून, खडीवर एकेक पाऊल टाकत खाली आल्या. हातात घुगऱ्यांची वाटी. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि गुडघे धरत खाली बसल्या.

"तो पिवळा नुसता लोळला रे पाळण्यात," त्या म्हणाल्या. "माझी नात आणि हे त्या गाडीत होते. मीच ओतलं होतं ते पाणी." मग त्या वाकल्या आणि माझ्या एका टोकाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "विहान."

वरवंट्याचा कान कुठला, हे त्यांना तरी कुठून कळणार? त्यांनी धरलं ते टोक माझ्या पायाकडचं होतं. पण ऐकू आलं.

त्या वर गेल्या. आता तुम्हीही निघा, आणि जाताना गाडीला टेकू नका. ऊन पडलंय, कडेचा बर्फ ठिबकायला लागलाय, चाक माझ्यावर जड होत चाललंय आणि चीर किंचित रुंदावलीय. उद्या गाडी ओढणारे येईपर्यंत मला दुसरीकडे लक्ष देता येणार नाही.